एपिग्लॉटायटिस: मुलांचा आजार मोठ्यांकडे कसा वळला

जिभेच्या मुळाशी पानाच्या आकाराची कूर्चेची झडप असते, तिला एपिग्लॉटिस म्हणतात. घास गिळताना ती श्वासमार्गाचे तोंड झाकते. तीच सुजली, म्हणजे एपिग्लॉटायटिस झाला, की काही तासांत श्वास कोंडू शकतो.

14 डिसेंबर 1799 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन गेले ते बहुधा याच आजाराने, असे आज अनेक डॉक्टर मानतात. त्या दिवशी उपचार म्हणून त्यांचे दोन लिटरांहून जास्त रक्त काढले गेले. तिघा वैद्यांपैकी सर्वांत तरुण एलिशा डिक यांनी श्वासनलिकेला छेद देण्याचे सुचवले होते. बाकीच्यांनी ते मानले नाही.

या आजाराच्या जंतूचा शोध चुकीच्या वाटेने लागला. 1892 मध्ये जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांत एक जिवाणू सापडला आणि फ्लू त्यानेच होतो असे त्यांना वाटले. 1933 मध्ये माणसातील फ्लूचा विषाणू हाती लागला, तरी जिवाणूचे हिमोफिलस इन्फ्लुएंझी हे नाव कायम राहिले. त्याआधीच, 1931 मध्ये, अमेरिकी जिवाणूशास्त्रज्ञ मार्गारेट पिटमन यांनी त्याचे आवरण असलेले आणि नसलेले प्रकार वेगळे काढले होते. आवरणवाल्यांतला ‘बी’ प्रकार, म्हणजे हिब, मुलांच्या एपिग्लॉटायटिसचे मुख्य कारण ठरला.

दोन ते सहा वर्षांच्या मुलाला धोका जास्त, कारण वाट मुळात अरुंद आणि झडप मऊ. झडपेच्या जिभेकडच्या बाजूचे अस्तर सैल असते. तिथे पाणी साचून झडप फुगते आणि मागे, श्वासमार्गावर कलते. मूल पुढे वाकून, हनुवटी उचलून बसते. गिळवत नाही म्हणून लाळ गळते, आवाज दबका येतो. अशा मुलाला आडवे करू नये, जीभ दाबून घसा बघू नये. त्याने मार्ग पूर्ण बंद पडू शकतो.

हिबवरची 1985 ची पहिली लस जिवाणूच्या शर्करायुक्त आवरणापासून केलेली होती, आणि दोन वर्षांखालच्या मुलांचे शरीर अशा आवरणाला नीट प्रतिसाद देत नाही. आवरणाला प्रथिन जोडल्यावर ही अडचण सुटली. अशी संयुग्म लस 1987 मध्ये आली, 1990 पासून तान्ह्यांनाही मिळू लागली. ती घशात जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाणही घटवते, त्यामुळे लस न घेतलेल्यांनाही आडोसा मिळाला. तरीही ब्रिटनमध्ये 1992 पासून लस असूनही पुढे रुग्ण वाढले. 2003 मध्ये बूस्टरची मोहीम घ्यावी लागली आणि 2006 पासून वर्षाच्या सुमारास बूस्टर नियमित झाला.

जिथे लसीकरण चांगले आहे तिथे आता रुग्ण बहुतेक प्रौढ असतात. कारणेही विखुरलेली: न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस, आवरण नसलेला हिमोफिलस असे जिवाणू, कधी गरम वाफेने भाजणे. मधुमेह्यांत आजार जास्त दिसतो. प्रौढाची श्वासवाट रुंद असल्याने घरघर उशिरा येते. घसा प्रचंड दुखतो, थुंकीसुद्धा गिळवत नाही, पण तोंड उघडून पाहिले तर टॉन्सिल ठीकठाक दिसतात. इथेच निदान निसटते. अशा वेळी नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून झडप प्रत्यक्ष बघावी लागते, तीही श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी हाताशी ठेवून.