फुगडीत नजर कुठे ठेवायची?

चवथीला माहेरी फोंड्याला गेले, की गणपतीसमोर फुगडी घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. अकरावीच्या मुलांना मी वर्तुळाकार गती शिकवते. मला स्वतःला ती उमगली आतेबहिणीचे हात धरून, पाय जुळवून मागे रेलल्यावर. हात सुटले तर आपण गोल फिरत राहणार नाही, सरळ भिंतीवर जाऊ, हे मनगटांना आधीच ठाऊक होतं.

समजा, दीड सेकंदात एक फेरा होतो आणि शरीराचा गुरुत्वमध्य अक्षापासून अर्धा मीटर दूर आहे. 40 किलोच्या मुलीला वर्तुळात धरून ठेवायला सुमारे 350 न्यूटन बळ लागतं, म्हणजे जवळजवळ 35 किलोच्या ओझ्याएवढं. वेग दुप्पट केला तर बळ चौपट लागतं. फुगडी रंगात आली की मनगटं लाल होतात ती यामुळे.

मला त्याहून विलक्षण वाटते ती भोवळ. आजी बजावायची, इकडेतिकडे बघायचं नाही, जोडीदारणीच्या तोंडाकडे बघायचं. कारण तिने सांगितलं नाही, पण ते पक्कं आहे. आपल्या प्रत्येक आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, द्रवाने भरलेल्या. डोकं फिरू लागलं की द्रव मागे रेंगाळतो, त्यातला मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला गिरकीची खबर मिळते. तीच खबर डोळ्यांनाही उलट दिशेला सरकवते. फुगडीत अंगण, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट), बायका सगळं भिरभिरतं. समोरचा चेहरा मात्र आपल्याबरोबरच फिरत असल्यामुळे जागच्या जागी राहतो. त्यावर नजर रोवली, की डोळ्यांची ती सरकण्याची ओढ दबते आणि भोवळ कमी येते. कथकच्या चक्करमध्ये युक्ती निराळी: नजर समोरच्या एका बिंदूवर, अंग आधी वळतं, मान शेवटी झटक्यात. तिथे नर्तकी एकटी असते, बिंदू बाहेर शोधावा लागतो. आमच्या फुगडीत तो बिंदू म्हणजे मैत्रीण.

सरावाने मेंदूही बदलतो. 2013 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 29 बॅले नर्तकी आणि 20 नौकानयनपटू स्त्रियांना अंधारात खुर्चीवर बसवून फिरवलं. खुर्ची थांबल्यावर फिरल्याचा भास नर्तकींमध्ये लवकर विरला. कानाकडून येणारे हे संदेश हाताळणारा अनुमस्तिष्काचा (मेंदूच्या मागच्या, खालच्या भागाचा) एक हिस्साही त्यांच्यात लहान आढळला. अंधारात नजरेचा आधार नव्हता, हे महत्त्वाचं. फुगडी घालणाऱ्या आमच्या बायकांना कुणीतरी असंच तपासावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

फुगडी थांबते तेव्हा कानातला द्रव थांबत नाही. पडदा आता उलट बाजूला वाकतो, आणि आपण उलटे फिरतोय असं वाटतं. अशा वेळी आतेबहीण माझे हात सोडत नाही. दोघी तशाच उभ्या राहतो, एकमेकींकडे बघत, अंगण जाग्यावर येईपर्यंत.