सेरोटोनिनची तपासणी: बाटली नेण्याआधी हे वाचा

आमच्या लॅबच्या काउंटरवर सेरोटोनिनचं, म्हणजे शरीरात निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं, नाव दोन प्रकारे निघतं. काही जण चिठ्ठीशिवाय येतात आणि म्हणतात, "मन लागत नाही, झोप येत नाही, सेरोटोनिन किती आहे तेवढं तपासून द्या." काही जण डॉक्टरांनी लिहून दिलेली २४ तासांच्या लघवीची '५-एचआयएए' (सेरोटोनिनपासून बनून लघवीत उतरणारा पदार्थ) तपासणी करायला येतात. पहिल्यांना आम्ही बहुतेक वेळा नाही म्हणतो. दुसऱ्यांना बाटली देण्याआधी पाच-दहा मिनिटं प्रश्न विचारतो. दोन्हींमागचं कारण एकच आहे: रक्तात-लघवीत दिसणारा आकडा मेंदूचा नसतो, आतड्याचा आणि खाण्याचा असतो.

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात असतं. डाळी, दूध, अंडी यांच्या प्रथिनांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून ते तिथेच तयार होतं आणि आतड्याची हालचाल सांभाळतं. मळमळीचा निरोपही तेच पोचवतं, म्हणून केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर ओंडान्सेट्रॉन देतात. ते सेरोटोनिनचा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, अडवून धरतं. आतड्यातून रक्तात उतरलेलं सेरोटोनिन प्लेटलेट्स उचलतात आणि जखम झाली की तिथे सोडतात. मग रक्तवाहिनी आवळते. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये हा पदार्थ वेगळा काढला तोही रक्ताच्या सीरममधून, वाहिन्यांचा ताण म्हणजे टोन वाढवणारा म्हणून. नाव त्यावरूनच पडलं. मेंदूत तो सापडला १९५३ साली.

मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतःच बनवतो. मेंदूच्या बुंध्याशी राफे नावाची पेशींची केंद्रं आहेत, तिथून ते सगळीकडे जातं आणि झोप, भूक, वेदना, मनःस्थिती या सगळ्यांत भाग घेतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे, तो सेरोटोनिनला ओलांडता येत नाही. त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्ताचा आकडा आतडं आणि प्लेटलेट्सबद्दल बोलतो, मेंदूबद्दल काहीच सांगत नाही. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या रक्तात सेरोटोनिन उलट कमी दिसतं, कारण या गोळ्या प्लेटलेट्सनाही ते उचलू देत नाहीत. पेशंटला बरं वाटतंय आणि रिपोर्टवर आकडा खाली, असा कागद हातात पडला तर माणूस विनाकारण घाबरतो, कधी गोळ्याच सोडून देतो. नैराश्याचं निदान डॉक्टर बोलून, ऐकून करतात. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. थकवा, उदासी असताना थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला मात्र अर्थ आहे. ते डॉक्टरांना विचारून आमच्याकडे जरूर करा.

आता ५-एचआयएए. सेरोटोनिन वापरून झालं की शरीर त्याचं जे करतं ते हे, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. चेहरा अचानक लाल-गरम होणं, सतत जुलाब, छातीत घरघर अशी लक्षणं असली की आतड्याच्या कार्सिनॉइड गाठीची (ती जास्तीचं सेरोटोनिन बनवते) शंका तपासायला डॉक्टर ही टेस्ट लिहितात. २४ तासांत साधारण २ ते ८ मिलिग्रॅम ही बहुतेक लॅबची मर्यादा आहे.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते केळ्यामुळे. केळ्यात सेरोटोनिन तयारच असतं. ते खाऊन मेंदूत एक कणही पोचत नाही, पण त्याचं ५-एचआयएए होऊन आमच्या बाटलीत नक्की येतं. अक्रोडात तर केळ्याहून कितीतरी जास्त असतं. मर्यादा ओलांडलेला आकडा पाहून डॉक्टर पुन्हा टेस्ट सांगतात, नाहीतर सीटी स्कॅन, आणि घरचे आठवडाभर काळजीत.

म्हणून जमा करायला सुरुवात करण्याआधी पूर्ण तीन दिवस आणि जमा करण्याचा दिवस, असे चार दिवस केळी, अक्रोड, अननस, टोमॅटो, किवी, आलुबुखार, अॅव्होकाडो आणि वांगं बंद. "केळी नाही खाल्ली" असं सांगणाऱ्यांच्या पोटातही ती गेलेली असतात: सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, शिकरण, उपवासाचे कच्च्या केळ्याचे वेफर्स, मिल्कशेक. टोमॅटो त्याहून लपून येतो. सार, कोशिंबीर, पावभाजी, मिसळीची तर्री, सॉस, हॉटेलची कुठलीही लाल ग्रेव्ही. या चार दिवसांत आमटीला आमसूल किंवा चिंच घाला आणि बाहेरचं खाऊ नका. चतुर्थी किंवा एकादशी मध्ये येत असेल तर तारीखच पुढे ढकला.

औषधांचंही तसंच. पॅरासिटामॉल आणि ग्वायफेनेसिन असलेली खोकल्याची सिरप काही पद्धतींत आकडा खोटा वाढवतात. ॲस्पिरिन आणि लेव्होडोपा (पार्किन्सन्सचं औषध) तो कमी दाखवू शकतात. चालू गोळ्यांची यादी आम्हाला दाखवा, आम्ही डॉक्टरांना फोन करून विचारतो. स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका, मनाच्या आजाराची तर मुळीच नाही.

बाटलीत तळाशी पाण्यासारखं थोडं द्रव दिसेल. ते ॲसिड आहे, नमुना टिकावा म्हणून घातलेलं. बाटली विसळू नका आणि थेट बाटलीत लघवी करू नका. सोबत दिलेल्या मगात धरून बाटलीत ओता. हाताला ॲसिड लागलंच तर भरपूर पाण्याने धुवा. सकाळी ७ ला उठल्यावरची पहिली लघवी संडासात जाऊ द्या आणि वेळ लेबलवर लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी बाटलीत, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची सुद्धा. शौचाला जाण्याआधी तो मग हाताशी ठेवा, तिथेच लघवी निसटते. बाटली काळ्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

एक वेळची लघवी चुकली तर काय बिघडलं, असं खूप जण विचारतात. हिशोब सोपा आहे: लिटरमध्ये ४ मिलिग्रॅम आणि एकूण दीड लिटर, म्हणजे ६ मिलिग्रॅम. त्यातली ४०० मिली राहून गेली तर रिपोर्टवर ४.४ येईल. खरा आकडा मर्यादेच्या थोडाच वर असेल तर अशाने तो मर्यादेत दिसेल, आणि खरी गाठ नजरेतून सुटू शकते. म्हणूनच आम्ही प्रत्येक बाटली मोजतो, क्रिएटिनिनही (लघवी पूर्ण जमा झाली का याचा अंदाज देणारा पदार्थ) बघतो आणि नमुना अपुरा वाटला तर मशीनवर लावण्याआधी फोन करतो. यात एखादा दिवस जास्त जातो, याची आम्हाला कल्पना आहे.

नोकरी करणाऱ्यांनी रविवारी सकाळी सुरुवात करावी म्हणजे दिवसभर घरीच राहता येतं. सोमवारी ९ पर्यंत बाटली आम्ही घरून नेऊ, वेगळे पैसे नाहीत. मध्येच चूक झाली तर तसंच पुढे रेटू नका, त्याच दिवशी कळवा. दुसरी बाटली आणि दुसरा मग विनामूल्य देतो. बाटली घ्यायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची यादी आणि गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते आठवून या.