खराटा उचलण्याआधी पाचोळ्यात बघा

पाऊस ओसरला की 'आमच्या बागेत हमिंगबर्ड आला' असे व्हिडिओ फिरू लागतात. एक्झोऱ्याच्या गुच्छासमोर हवेत तरंगणारा, पंख दिसूही नयेत इतक्या वेगाने फडफडवणारा एक जीव त्यात असतो. तो हमिंगबर्ड नव्हे. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि अलास्कापासून टिएरा डेल फ्युएगोपर्यंत त्या सगळ्या अमेरिका खंडांतच राहतात. कधी काळी त्यांचे पूर्वज युरोपातही होते. जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे वर्णन 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. आज मात्र भारतात हमिंगबर्डची एकही जात नाही.

व्हिडिओतला जीव बहुधा हॉकमॉथ, म्हणजे दिवसा उडणारा पतंग असतो. चित्र थांबवून पाहिले तर डोक्यावर दोन मिशा आणि फुलात घातलेली बारीक सोंड दिसते. पक्षीच असेल तर तो शिंजीर. त्याची चोच बाकदार असते, आणि तो सहसा फांदीला धरून मध पितो. हवेत तरंगतो, पण जेमतेम काही क्षण.

या गैरसमजातून लाल प्लास्टिकच्या साखरपाण्याच्या बाटल्या घरोघरी लटकू लागल्या आहेत. एक भाग साखर, चार भाग पाणी हे प्रमाण अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठीचे. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात ते पाणी दोन दिवसांत आंबते आणि मुंग्यांची रांग लागते. शिंजिराला पिल्लांसाठी किडे आणि कोळी लागतात, घरटे विणायला कोळ्याची जाळी लागते, आणि यातले काही बाटलीतून मिळत नाही. त्यापेक्षा हमेलिया आणि रसेलिया लावा. दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, लाल नळीसारख्या फुलांच्या, तिथल्या हमिंगबर्डच्या आवडत्या. इथे त्याच नळ्यांत शिंजीर चोच घालतो. त्यांची छाटणी एका दमात करू नका. अर्धी झुडपे आता छाटा, उरलेली दीड महिन्याने, म्हणजे फुलांत खंड पडणार नाही.

पण साफसफाईत बागेचे सर्वांत मोठे नुकसान होते ते जमिनीवर. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत अंगण चकचकीत करण्याची आपली रीत आहे. वाळू लागलेले गवत मुळापासून काढायचे, पाचोळा खराट्याने गोळा करायचा आणि काडी लावायची. त्या पाचोळ्यावर कॉमन इव्हनिंग ब्राउन नावाचे फुलपाखरू बसलेले असते आणि ते बहुतेकांना दिसतच नाही. दिसू नये यासाठीच तर त्याचे पंख तसे घडलेले असतात, आणि ते कसे घडतात हे समजून घेण्यासारखे आहे.

याची अळी हिरवी, डोक्यावर दोन शिंगे असलेली. ती भात आणि इतर अनेक जातींच्या गवतांवर वाढते. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूला, कडेने, पिवळ्या कड्यांच्या डोळ्यांची, म्हणजे डोळ्यांसारख्या गोल ठिपक्यांची, ओळ असते. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते डोळे जवळजवळ पुसले जातात, नुसते टिंब उरते. रंग वाळक्या पानाचा, पंखाचे टोक पानाच्या टोकासारखे कोनदार, आणि छटा इतक्या वेगवेगळ्या की दोन फुलपाखरे सारखी सापडणे कठीण. आईबाप पावसाळी रूपाचे, मुले कोरड्या रूपाची. जनुके तीच, तरी अंगरखा वेगळा.

हे कसे घडते, याचा सर्वाधिक अभ्यास आफ्रिकेतल्या बायसायक्लस या नातेवाईक फुलपाखरावर झाला आहे. प्रयोगशाळेत 27 अंश सेल्सिअसला वाढवलेल्या अळ्यांपासून मोठ्या डोळ्यांची फुलपाखरे निघतात, 17 अंशांना वाढवलेल्यांपासून टिंबांची. निर्णय होतो तो अळीच्या अखेरच्या दिवसांत. अळी खाणे थांबवते आणि कोषासाठी जागा शोधत भटकू लागते, तेव्हा तिच्या शरीरात एक्डायसोन या संप्रेरकाची पातळी चढते. कात टाकण्याचा हुकूम देणारे संप्रेरक हेच. उबेत वाढलेल्या अळीत ही पातळी जास्त चढते, थंडीत वाढलेलीत कमी. पंख या वेळी अळीच्या शरीरात इवल्या चकत्यांच्या रूपात असतात आणि प्रत्येक भावी डोळ्याच्या मध्याशी पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशींवर एक्डायसोनची किल्ली बसेल अशी कुलपे, म्हणजे ग्राहक प्रथिने असतात. पुरेशा किल्ल्या आल्या तर पेशींचे विभाजन वाढते, पुंजका मोठा होतो आणि डोळा मोठा उमटतो. कमी आल्या तर पुंजका लहानच राहतो. थंडीत वाढलेल्या अळीला हे संप्रेरक टोचले तर डोळे मोठे होतात. उबेत वाढलेलीत त्याचे काम अडवले तर लहान. संशोधक अँटोनिया माँटेरो यांच्या गटाने 2015 मध्ये हे दाखवून दिले. ज्या डोळ्यांच्या पेशींत कुलपेच नसतात, ते थंडी-उबेने बदलत नाहीत. म्हणून एकाच पंखावरचे काही डोळे ऋतू पाळतात आणि काही पाळत नाहीत.

फायदा कसला? पावसाळ्यात फुलपाखरू सतत हिंडते-फिरते, लपणे शक्य नसते. त्या वेळी कडेचा डोळा शत्रूचा हल्ला स्वतःवर ओढतो. प्रार्थनाकीटकाने त्यावर झडप घातली तर पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. कोरड्या दिवसांत अळ्यांना कोवळे गवत नसते, मग फुलपाखरू दिवसचे दिवस पाचोळ्यावर निपचित बसून राहते. अशा वेळी ठळक डोळा म्हणजे शत्रूला दिलेला पत्ताच. पण वाळक्या पानाचा वेश वाळकी पाने असतील तरच चालतो. झाडून लख्ख केलेल्या मातीवर किंवा फरशीवर तेच फुलपाखरू दुरूनही दिसते. दयाळ नाहीतर सरडा त्याला टिपतो.

ही पाखरे तिन्हीसांजेला उडतात आणि दिव्याच्या ओढीने घरातही शिरतात. तेवढ्यावरून त्यांना शकुन-अपशकुनाशी जोडू नये. दिवा मालवून खिडकी उघडी ठेवली की ती आपली निघून जातात.

कडुलिंबाच्या तेलाविषयीही बोलायला हवे, कारण 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक' असा प्रचार जोरात आहे. त्यातले अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वर सांगितलेल्या एक्डायसोनच्याच कामात बिघाड करते. अळीची कात अर्धवट सुटते आणि ती मरते. मावा आणि फुलपाखराची अळी हा फरक त्याला कळत नाही. म्हणून कढीपत्ता, लिंबू (कॉमन मॉर्मन, लाइम बटरफ्लाय), रुई (प्लेन टायगर), पानफुटी (रेड पिएरो) आणि कृष्णकमळ (टॉनी कोस्टर) यांच्यावर ते अजिबात फवारू नका. कंसात आहेत त्या झाडांवर वाढणारी फुलपाखरे. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने तेवढीच फांदी पुसा. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखे जे दिसते ती बहुधा लहान अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. मोठ्या झाडाची चार पाने गेल्याने काही बिघडत नाही.

सफाई करूच नका असे नाही. करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, प्लास्टिकचे डबे आधी उचला. डेंग्यूचे डास तिथल्या साचलेल्या पाण्यात वाढतात, कोरड्या पाचोळ्यात नव्हे. पाचोळा दाताळ्याने ओढून झाडांच्या सावलीत पसरा, हाताने उचलू नका. थर दोन-तीन इंचांचा ठेवा. त्याहून जाड झाला की खालची पाने चिकटून कुजतात आणि फुलपाखराला शिरायला फटी उरत नाहीत. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल ओली राहून सडते. घराच्या भिंतीलगत आणि पायवाटेवर मात्र पाचोळा नको, कारण तिथे साप-विंचू चटकन दिसले पाहिजेत. आंबा-फणसाची जाड, वळलेली पाने सर्वांत चांगली. ती यंत्रात बारीक करू नका.

गवत कापताना ते जमिनीपासून वीतभर राखा आणि मीटरभर लांबी-रुंदीचा एखादा कोपरा डिसेंबरपर्यंत न कापता सोडा. कापलेले गवत लगेच खतखड्ड्यात टाकू नका. त्याच्या सैल जुड्या बांधून दोन आठवडे कुंपणाला उभ्या टेकवा. पात्यांना कोष लटकलेले असू शकतात, आणि कोषातून निघालेल्या फुलपाखराला पंख खाली लोंबते ठेवूनच ते फुलवता येतात. आडव्या ढिगात पंख चुरगळलेले राहतात, मग ते कधीच उडत नाही. छाटलेल्या फांदीवर कोष दिसला तर फांदीसकट कापून तिच्या मूळच्या दिशेतच दुसऱ्या झुडपाला बांधा. लिंबावरचे कोष डोके वर करून कंबरपट्ट्याने टेकलेले असतात, गवतावरचे डोके खाली करून लटकतात. त्यांची उलटापालट होऊ देऊ नका.

इव्हनिंग ब्राउन फुलांवर क्वचितच जाते. त्याला हवे असते आंबलेले फळ. दोन अतिपिकलेली केळी किंवा चिकू कुस्करून ताटलीत घ्या, ती ताटली पाण्याने भरलेल्या परातीत मधोमध ठेवा म्हणजे मुंग्या पोचणार नाहीत, आणि हे सगळे झाडाखाली पाचोळ्याजवळ मांडा. दर दोन दिवसांनी फळ आणि परातीतले पाणी बदला. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटे तिथे नजर ठेवा. जमिनीलगत झोके खात एखादे 'वाळके पान' येईल आणि ताटलीच्या कडेवर पंख मिटून बसेल.