रोमेल, एर्विन

रोमेल, एर्विन : (१५ नोव्हेंबर १८९१–१४ ऑक्टोबर १९४४). दुसऱ्या महायुद्धातील जर्मन फील्ड मार्शल. पूर्ण नाव एर्विन योहानेस ऑयगेन रोमेल. १९४० ची फ्रान्सवरील चढाई, १९४१–४३ ची उत्तर आफ्रिकेतील वाळवंटी मोहीम आणि १९४४ मधील नॉर्मंडीचा बचाव या तिन्ही आघाड्यांवर त्याने सैन्य हाताळले. ‘वाळवंटातील कोल्हा’ या टोपणनावाने तो जगभर ओळखला जातो. हरलेल्या बाजूच्या सेनापतीला जिंकणाऱ्यांनीच इतके डोक्यावर घ्यावे, असे क्वचितच घडते. त्यामुळे रोमेलविषयी लिहिताना खरा माणूस कुठे संपतो आणि दंतकथा कुठे सुरू होते, हे पावलोपावली तपासावे लागते.

त्याचा जन्म दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यात हायडनहाइम या गावी झाला. वडील गणिताचे शिक्षक होते व पुढे आलेन येथे मुख्याध्यापक झाले. जर्मन सैन्याच्या वरच्या वर्तुळात प्रशियातील सरदार घराण्यांचा वरचष्मा असताना हा शिक्षकाचा मुलगा १९१० मध्ये १२४व्या व्युर्टेंबर्ग पायदळ रेजिमेंटमध्ये दाखल झाला. डान्झिग येथील लष्करी शाळेत शिकून १९१२ मध्ये तो लेफ्टनंट झाला. तिथेच त्याची लुसी मोलिनशी ओळख झाली आणि १९१६ मध्ये दोघांनी लग्न केले. त्यांचा मुलगा मानफ्रेड १९२८ मध्ये जन्मला. तो पुढे १९७४ ते १९९६ अशी बावीस वर्षे श्टुटगार्टचा महापौर होता. जनरल स्टाफचे, म्हणजे मोहिमा आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्गाचे, खास प्रशिक्षण मात्र रोमेलने कधीच घेतले नाही. नकाशा, रसद आणि आकडेमोड यांत मुरलेल्या त्या वर्गाबद्दल त्याच्या मनात अढी होती, आणि त्यांच्या लेखी तो कायम उपराच राहिला. पुढची बरीच भांडणे इथूनच निघाली.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्स, रुमानिया आणि इटलीत लढला. त्याची लढण्याची रीत घडली ती इटलीच्या डोंगरांत. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोच्या लढाईत व्युर्टेंबर्गच्या पहाडी बटालियनच्या काही कंपन्या घेऊन तो इटालियन फळीत घुसला आणि मागे कोण येते आहे याची वाट न पाहता एकामागून एक कडे चढत गेला. २६ ऑक्टोबरला त्याने मातायुर शिखर घेतले. बावन्न तासांत सुमारे नऊ हजार इटालियन सैनिक त्याच्या हाती लागले. त्याच्या तुकडीचे सहा जण मेले आणि तीस जखमी झाले. या पराक्रमासाठी त्याला ‘पूर ल मेरीत’ हे प्रशियाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. शत्रूला सावरायला वेळ द्यायचा नाही, फट दिसली की तीत शिरायचे आणि बगलेची चिंता मागून करायची, हा धडा त्याने त्या डोंगरांत घेतला आणि पुढे रणगाड्यांना लावला.

व्हर्सायच्या तहाने जर्मन भूदल एक लाखावर आणले, तेव्हा कायम ठेवलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांत तो होता. ड्रेस्डेनच्या पायदळ शाळेत त्याने शिकवले, गोस्लारला एका बटालियनचे नेतृत्व केले. पहिल्या महायुद्धातील अनुभवांवरचे त्याचे पुस्तक १९३७ मध्ये आले आणि ते हिटलरच्याही वाचनात आले. १९३९ च्या पोलंड मोहिमेत हिटलरच्या मुख्यालयाच्या संरक्षणाची जबाबदारी रोमेलकडे होती. तो नाझी पक्षाचा सभासद कधीच झाला नाही; पण हिटलरवर त्याची श्रद्धा होती, आणि हिटलरच्या मर्जीवाचून त्याची पुढची चढती कमान शक्य नव्हती. या दोन गोष्टींपैकी एकच सांगणारे चरित्र अपुरे आहे.

रणगाड्यांचा काहीही अनुभव नसताना फेब्रुवारी १९४० मध्ये त्याला ७वी पान्झर डिव्हिजन मिळाली. १३ मे रोजी दिनांजवळ म्यूझ नदी ओलांडताना पलीकडून गोळीबार चालू होता. डिव्हिजनचा प्रमुख असूनही रोमेल तिथे आला, पहिल्या होड्यांपैकी एकीतून पलीकडे गेला आणि पुढे पुलासाठी लाकडे ओढणाऱ्या सैनिकांबरोबर पाण्यात उतरला. २१ मे रोजी आरासजवळ ब्रिटिश रणगाडे त्याच्या बगलेवर आदळले. जर्मनांच्या हलक्या तोफांना ते दाद देईनात, तेव्हा त्याने ८८ मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा जमिनीवरील रणगाड्यांवर रोखायला लावल्या. हीच युक्ती पुढे आफ्रिकेत ब्रिटिशांना फार महागात पडली. त्याची डिव्हिजन नेमकी कुठे आहे हे शत्रूला आणि कित्येकदा जर्मन मुख्यालयालाही कळत नसे, म्हणून तिला ‘भुतांची डिव्हिजन’ म्हणू लागले. १२ जूनला साँ-व्हालेरी येथे ब्रिटिशांची ५१वी हायलँड डिव्हिजन त्याला शरण आली. याच मोहिमेत एरेन येथे फ्रेंच सैन्यातील काही आफ्रिकी सैनिकांना पकडल्यानंतर ठार मारण्यात आले. ते कृत्य रोमेलच्या डिव्हिजनने केल्याचा आरोप होतो, पण त्याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तसा आदेश त्याने दिल्याचा पुरावा नाही, पण त्याच्या ‘स्वच्छ’ युद्धाच्या कहाणीत ही नोंद बहुधा गाळली जाते.

लिबियात इटालियन सैन्य कोलमडू लागले, तेव्हा त्याला सावरण्यासाठी रोमेल १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्रिपोलीत उतरला. त्याला आदेश बचावाचा होता. महिना-दीड महिन्यातच त्याने हल्ला चढवला आणि एप्रिलच्या आरंभी ब्रिटिशांना इजिप्तच्या सीमेपर्यंत मागे रेटले; रिचर्ड ओ’कॉनर आणि फिलिप नीम हे दोन ब्रिटिश सेनापती त्याच्या हाती लागले. तोब्रुक बंदर मात्र पडले नाही. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ते लढवून धरले, आणि घाईघाईने केलेले त्याचे हल्ले वाया गेले. बर्लिनमध्ये जर्मन भूदलाच्या जनरल स्टाफचा प्रमुख फ्रान्झ हाल्डरने आपल्या रोजनिशीत त्याची गणना ‘वेड लागलेला सैनिक’ अशी केली. शब्द कडवट होते, पण हाल्डरची मूळ हरकत चुकीची नव्हती. वाळवंटात रोमेलचा खरा शत्रू रस्ता होता. त्रिपोलीपासून इजिप्तमधील अल अलामेनपर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर. पेट्रोल नेणारे ट्रकच वाटेत बरेचसे पेट्रोल पीत. भूमध्य समुद्रातील माल्टा बेट ब्रिटिशांकडे होते आणि तिथली विमाने व पाणबुड्या इटालियन जहाजे बुडवत. जहाजे कधी निघणार हे ब्रिटिशांना बऱ्याचदा आधीच कळे, कारण ब्लेचली पार्क येथे जर्मन सांकेतिक संदेश फोडले जात होते. जितके पुढे जावे तितकी रसदीची दोरी ताणली जाई आणि ब्रिटिशांची आखूड होई. रोमेलला हे कळत नव्हते असे नाही. वेग राखला तर शत्रूच्याच कोठारांवर पोट भरता येईल, असा त्याचा हिशेब होता. तो कधी जुळे, कधी फसे.

त्याच्या नेतृत्वाची ताकद आणि दोष दोन्ही नोव्हेंबर १९४१ च्या एका घटनेत एकत्र दिसतात. ब्रिटिशांची ‘क्रुसेडर’ मोहीम ऐन भरात असताना २४ तारखेला तो स्वतः रणगाड्यांच्या पुढे निघून इजिप्तच्या सीमेवरील तारेच्या कुंपणाकडे धावला. शत्रूच्या पिछाडीत गोंधळ उडाला खरा, पण त्याची गाडी कुंपणाच्या पलीकडे अडकली आणि ती रात्र त्याने शत्रूच्या प्रदेशात काढली. आजूबाजूने भारतीय सैन्याचे निरोपे मोटारसायकलींवरून ये-जा करत होते. इकडे मुख्यालयाचा त्याच्याशी संपर्क तुटला. तोब्रुकजवळची परिस्थिती हाताबाहेर जाताना पाहून त्याचा हाताखालचा अधिकारी झीगफ्रीड व्हेस्टफालने स्वतःच्या जबाबदारीवर २१वी पान्झर डिव्हिजन परत बोलावली. पुढे राहून लढणारा सेनापती सैनिकांना प्रिय होतो. पण सगळी आघाडी सांभाळणारा कोणीतरी मागे बसावा लागतो, आणि ते काम रोमेल इतरांवर टाकून मोकळा होई. त्याला डिसेंबरात माघार घ्यावी लागली व तोब्रुकचा वेढा उठला.

जानेवारी १९४२ मध्ये तो पुन्हा उसळला. त्याच महिन्यात चर्चिलने ब्रिटिश संसदेत, युद्धाची धूळधाण चालू असतानाही, त्याला थोर सेनापती म्हटले. मध्यपूर्वेतील ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती क्लॉड ऑकिनलेक (हाच पुढे अविभाजित भारताचा अखेरचा सरसेनापती झाला) याने तर आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावले की सैनिकांच्या मनात रोमेल म्हणजे जादूगार किंवा बागुलबुवा होऊन बसला आहे, ते थांबले पाहिजे. यामागे नुसती जादू नव्हती. कैरोतील अमेरिकन लष्करी प्रतिनिधी वॉशिंग्टनला पाठवत असलेले संदेश इटलीने मिळवलेल्या सांकेतिक लिपीमुळे शत्रूपक्षाला वाचता येत होते. शिवाय ब्रिटिशांचे बिनतारी बोलणे टिपणारी एक निष्णात तुकडी रोमेलजवळ होती. जून-जुलै १९४२ मध्ये कैरोतील संदेशांचा झरा आटला आणि ती तुकडी तेल अल ईसा येथे शत्रूच्या हाती सापडली. त्यानंतर रोमेलचे ‘अंतर्ज्ञान’ बरेच कमी झाले, ही बाब त्याच्या भक्तांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

२६ मे १९४२ ला सुरू झालेली गझालाची लढाई हा त्याचा सर्वांत मोठा विजय. ब्रिटिशांच्या सुरुंगपेरणीला दक्षिणेकडून वळसा घालताना त्याच्या फौजेच्या वाटेत ३री भारतीय मोटार ब्रिगेड आली व २७ मेच्या सकाळी तुडवली गेली. बीर हकीममध्ये स्वतंत्र फ्रेंच सैनिक दोन आठवडे झुंजले. रोमेल मधल्या काळात सुरुंगांच्या पट्ट्यामागे पाठ लावून कोंडला गेला होता. ब्रिटिश सेनापतींनी तेव्हा एकजुटीने घाव घातला असता तर तो संपला असता. ते तुकड्यातुकड्यांनी येत राहिले. २० जूनच्या पहाटे त्याने तोब्रुकवर आग्नेयेकडून हल्ला केला. बॉम्बफेकी विमानांचा पहिला मारा आणि मागोमाग पायदळाची झेप ज्या भागावर आली, तिथे ११व्या भारतीय ब्रिगेडमधील ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. समोरचे सुरुंग आधीच बरेच काढलेले, रणगाडे अडवणारा खंदक जागोजागी वाळूने भरलेला, आणि मदतीला रणगाडे वेळेवर पोहोचले नाहीत. काही तासांत खिंडार पडले, संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात होते, आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ३३,००० सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांत मराठी मुलखातील जवानही होते. तोब्रुकच्या शरणागतीवर इंग्रजीत खूप लिहिले गेले, पण पहिला घाव ज्यांनी झेलला त्यांचा उल्लेख त्यात ओझरताच येतो.

या विजयाबद्दल हिटलरने त्याला वयाच्या पन्नासाव्या वर्षी फील्ड मार्शल केले. त्यापेक्षा आणखी एक डिव्हिजन दिली असती तर बरे झाले असते, असे तो म्हणाल्याचे सांगतात. त्याची खरी गरज तीच होती. कैरो गाठण्याच्या ओढीने तो अल अलामेनला येऊन थडकला. तिथे १ जुलैला देर अल शेन येथील १८व्या भारतीय ब्रिगेडने त्याचे रणगाडे दिवसभर अडवून धरले. ब्रिगेड संपली, पण रोमेलचा वेग मोडला. ऑगस्टअखेर आलम हाल्फाचा हल्ला इंधनाअभावी फसला. मग त्याने सुमारे पाच लाख सुरुंगांची ‘सैतानी बागा’ म्हणून ओळखली जाणारी पेरणी करून बचाव धरला आणि आजारपणामुळे तो ऑस्ट्रियाला गेला. २३ ऑक्टोबरला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने हल्ला सुरू केला तेव्हा रोमेल तिथे नव्हता. त्याच्या जागी असलेला जनरल श्टुमे हृदयविकाराने रणांगणातच मरण पावला. रोमेल २५ तारखेला परतला, पण माँटगोमेरीकडे त्याच्या दुपटीच्या आसपास रणगाडे होते. ३ नोव्हेंबरला हिटलरचा हुकूम आला : विजय नाहीतर मृत्यू. रोमेलने एक दिवस तो पाळला, मग माघार घेतली. हिटलरवरचा त्याचा विश्वास इथून डळमळू लागला. फेब्रुवारी १९४३ मध्ये ट्युनिशियातील कासरीन खिंडीत त्याने अमेरिकन सैन्याला पहिला मोठा तडाखा दिला. ९ मार्चला त्याने आफ्रिका सोडली आणि मे महिन्यात तिथली उरलेली फौज शरण गेली.

आफ्रिकेतील युद्ध सभ्यपणे लढले गेले असे म्हणतात. कैद्यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, आणि पकडलेल्या कमांडोंना ठार मारण्याचा हिटलरचा आदेश रोमेलने आपल्या सैन्यात पाळू दिला नाही. पण त्याच्या फौजेमागून इजिप्त व पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या संहारासाठी वाल्टर राउफच्या हाताखाली एस.एस. या नाझींच्या सशस्त्र संघटनेची एक तुकडी तयार ठेवलेली होती. ट्युनिशियात याच राउफने ज्यूंना वेठबिगारीला जुंपले. रोमेल जिंकला असता तर त्या विजयाच्या मागोमाग काय आले असते, हे यावरून उघड आहे.

१९४३ च्या अखेरीस त्याच्याकडे अटलांटिक किनाऱ्याच्या तटबंदीचे काम आले. त्याने लाखो सुरुंग पेरले, समुद्रात अडथळे उभे केले, आणि विमानांतून सैन्य उतरू नये म्हणून शेतांत खांब रोवले. सैनिक त्यांना ‘रोमेलचे अ‍ॅस्पॅरागस’ म्हणत. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याने सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘आझाद हिंद’ लीजनची फ्रान्समध्ये पाहणी केली. या लीजनमधील अनेक जवान मुळात त्याच्याच फौजेने आफ्रिकेत पकडलेले भारतीय सैनिक होते. रणगाडे किनाऱ्याजवळ ठेवावेत की मागे राखून ठेवावेत, यावर त्याचे पश्चिम आघाडीचा सरसेनापती फॉन रुंडश्टेट व तिथल्या रणगाडा दलाचा प्रमुख गायर फॉन श्वेपेनबुर्ग यांच्याशी जमले नाही, आणि हिटलरने मधलाच तोडगा काढून दोन्ही बाजूंचे नुकसान केले. ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले तेव्हा रोमेल पत्नीच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी हेरलिंगेनला घरी होता. १५ जुलैला त्याने ही विषम लढाई शेवटाकडे चालल्याचे हिटलरला लिहून कळवले. दोन दिवसांनी त्याच्या मोटारीवर दोस्तांच्या विमानांनी गोळीबार केला आणि त्याच्या कवटीला जबर दुखापत झाली.

२० जुलैला हिटलरच्या हत्येचा कट फसला. कटवाल्यांच्या जबाबांत रोमेलचे नाव आले. त्याला युद्ध थांबवायचे होते हे नक्की. हत्येच्या कटाची त्याला किती कल्पना होती, याबद्दल इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. १४ ऑक्टोबरला जनरल बुर्गडॉर्फ व मायझेल हेरलिंगेनला आले. खटला किंवा विष, असा पर्याय होता. विष घेतल्यास कुटुंबाला हात लागणार नाही, असे वचन दिले गेले. रोमेलने पत्नीचा आणि पंधरा वर्षांच्या मानफ्रेडचा निरोप घेतला, त्यांच्या मोटारीत बसला आणि गावाबाहेर सायनाइड घेतले. जखमांमुळे मृत्यू झाल्याचे जाहीर करून १८ ऑक्टोबरला उल्म येथे शासकीय इतमामाने त्याची अंत्ययात्रा काढण्यात आली. रुंडश्टेटने भाषण वाचले.

त्याच्या कीर्तीला दोन धनी होते. त्याच्या हयातीत गोबेल्सच्या प्रचारयंत्रणेने त्याला वीरपुरुष केले, युद्धानंतर ब्रिटिशांनी. हरवणारा शत्रू मोठा असला की आपला पराभव लहान वाटतो, आणि शीतयुद्धात पश्चिम जर्मनीचे सैन्य पुन्हा उभे करताना एक ‘चांगला जर्मन सैनिक’ सर्वांनाच हवा होता. जर्मन सैन्याच्या बराकींना आणि एका विनाशिकेला त्याचे नाव देण्यात आले. अल अलामेनच्या परिसरात दोन्ही बाजूंनी पेरलेले सुरुंग मात्र युद्ध संपून कित्येक दशके झाली तरी वाळूत राहिले आणि तिथल्या बेदुइन मेंढपाळांचे हातपाय व जीव घेत राहिले. हायडनहाइममध्ये १९६१ साली त्याच्या स्मरणार्थ एक पाषाण उभारला होता. २०२० मध्ये त्याच्यासमोर सुरुंगाने पाय गमावलेल्या माणसाची धातूची आकृती बसवण्यात आली. तिची सावली त्या पाषाणावर पडते.