झाडाला स्वेटर का पुरत नाही

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरची बातमी येतेच: वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर साचला. त्याच बातमीत पारा मात्र पाच-सहा अंश दिलेला असतो. पाणी तर शून्याला गोठतं, मग हे कसं?

बातमी खोटी नसते आणि तापमापकही बिघडलेला नसतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत असतो. स्ट्रॉबेरीचं पान जमिनीलगत, उघड्यावर असतं. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री ते आपली उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात आकाशाकडे टाकत राहतं. ढग असते तर त्यातली बरीचशी परत आली असती. ते नसतात, म्हणून पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. त्यात थंड हवा जड. ती उतारावरून ओघळत तलावाच्या खोलगट भागात साचते. म्हणून बागेला धोका किती, हे पाहायचं तर मोबाइलवरच्या आकड्याआधी रात्री आकाशाकडे बघावं.

नाजूक झाडं वाचवायचं तंत्र इथूनच सुरू होतं. आपण गोधडी घेतो तेव्हा ती ऊब आपल्याच अंगाची असते. झाडाच्या अंगात अशी ऊब नसते. त्यामुळे शेंड्याला फडकं गुंडाळून खोडापाशी गाठ मारली, तर फडक्याच्या आत अडकवायला उष्णता असते कुठे? ती असते मातीत, दिवसभर साठलेली. आच्छादन जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडा दगडांनी दाबल्या पाहिजेत, म्हणजे मातीची ऊब झाडाभोवती कोंडली जाते. जुनी चादर किंवा गोणपाट काठ्यांवर ताणलेलं बरं. प्लास्टिक पानांना टेकलं तर नेमकी टेकलेली पानं करपतात, आणि सकाळी ते काढायचं विसरलं तर ऊन चढताच आत भट्टी होते. संध्याकाळी मातीला पाणी द्यावं. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि ती वर सोडतेही सहज.

निफाडचे द्राक्ष बागायतदार हे केव्हापासून करतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की पहाटे बागेत विहिरीचं पाणी सोडलं जातं, जागोजागी शेकोट्या पेटतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच कोमट असतं, तेव्हा तो उपाय पक्का. शेकोटीचंही काम होतं, पण धुराचा पडदा बाग वाचवतो हा समज फारसा खरा नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की अवरक्त किरण त्यांतून जवळजवळ सरळ निघून जातात. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाते त्याचा. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा विखुरलेले छोटे जाळ चांगले.

जिथे खरोखर बर्फ पडतो तिथे तर गंमत उलटीच आहे. भुसभुशीत ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते, आणि कोंडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. बाहेर उणे वीस अंश असले तरी हातभर बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास राहू शकते. थंड देशांतल्या माळ्यांना खरी धास्ती असते बर्फाविना येणाऱ्या कडाक्याची. वाफ्यावरचा बर्फ उपसून काढणं म्हणजे झाडाचं पांघरूण ओढून घेणं.

फांद्यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न वजनाचा. ओल्या, चिकट बर्फाचा दहा सेंटिमीटर थर चौरस मीटरला तीसेक किलो सहज भरतो. जपानच्या समुद्रावरून येणारा बर्फ असाच जड असतो. म्हणून कानाझावा शहरातल्या केनरोकुएन बागेत दरवर्षी १ नोव्हेंबरपासून ‘युकित्सुरी’ बांधायला घेतात. पाइनच्या झाडाशेजारी उंच खांब उभा करायचा, त्याच्या टोकावरून छत्रीच्या काड्यांसारखे दोर सोडायचे आणि एकेक फांदी दोराला टांगायची. घरच्या बागेत एवढा घाट नको. झाडूने फांदीला खालून वर हलकेच उचलून बर्फ झटकला की पुरे. घट्ट गोठून बसलेल्या बर्फावर मात्र ठोकू नये, बर्फासकट फांदीच मोडून येते.

पानाच्या आत काय होतं? बर्फाने पेशी फुटतात, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात बर्फ बहुतेक वेळा आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. झाड बऱ्याच अंशी तहानेने मरतं. आणि बर्फ धरायलाही निमित्त लागतं. पानावरचं पाणी शून्याखाली काही अंशांपर्यंत द्रवच राहू शकतं. पण ‘स्यूडोमोनास सिरिंजी’ नावाचे जिवाणू पानावर असले, तर त्यांच्या अंगावरच्या प्रथिनाभोवती उणे दोन अंशांच्या आसपासच स्फटिक जमू लागतात. हे प्रथिन बनवणारं जनुक काढून टाकलेले जिवाणू एप्रिल १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या रोपांवर फवारले गेले. जनुकीय बदल केलेला जीव अधिकृत परवानगीने उघड्यावर सोडण्याची ती पहिली वेळ होती. विरोधकांनी शेतात घुसून रोपं उपटून टाकली. ते जिवाणू पुढे बाजारात आले नाहीत, आणि मूळ जिवाणूंचं प्रथिन मात्र आज स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ पाडायला वापरतात!

बागेवर उलट पाणी फवारून बर्फ होऊ देण्याची फ्लोरिडातली पद्धत ऐकायला वेडेपणाची वाटते. पण एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं, आणि फवारा चालू आहे तोवर पान शून्याच्या खाली जात नाही. फवारा मध्येच थांबला तर बाष्पीभवन उलटी उष्णता खेचून घेतं आणि न फवारण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. घरी हा खेळ करू नये.

यातला एकही उपाय न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या कढीपत्त्याला आणि तुळशीला वाचवत नाही. उष्ण प्रदेशातल्या झाडांना गोठेपर्यंत थांबावंच लागत नाही. दहा-बारा अंशांखाली त्यांच्या पेशींची आवरणं ताठरू लागतात आणि आतला कारभार बिघडतो. फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं, ते यानेच. शिवाय कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते, आणि मुळं शेंड्यापेक्षा नाजूक असतात. म्हणून रात्रीचा पारा सतत दहाच्या खाली जाण्याआधीच कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीशी आणावी. हिवाळ्यात वाढ मंदावते. उन्हाळ्याइतकंच पाणी घातलं तर मुळं कुजतात. पानं गळली म्हणून घाबरून खत तर मुळीच घालू नये.

थंडीने झाड करपलंच, तर लगेच कात्री चालवू नका. काळवंडलेली पानंही खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, थोडं झाकतात, आणि छाटणीने फुटलेला कोवळा धुमारा पुढच्या थंडीत पहिला जातो. कडाका सरल्यावर नखाने साल जराशी खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर हिरवं सापडेपर्यंत खाली सरकत जा आणि तिथून छाटा.