बोट दाखवल्यानं भोपळा कुजतो?

जानेवारीत घरामागं लाल भोपळ्याचं बी टोचलं होतं. मार्चमध्ये वेल कंपाऊंडवर चढला, फुलंही भरपूर. पण लिंबाएवढी हिरवी फळं दिसली की चार दिवसांत पिवळी पडून गळायची. शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं, "बोट दाखवलं असंल कुणीतरी. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, कुजतंय."

गळत होतं हे खरं, पण ते अजून फळ झालंच नव्हतं. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नरफूल लांब, बारीक देठावर. मादीफुलाच्या बुडाशी मात्र कळी असल्यापासूनच गोटीएवढा भोपळा दिसतो. तो अंडाशय. पराग मिळाले तर तो वाढतो, नाही मिळाले तर वेल त्याला सोडून देतो. सुरुवातीला बहुतेक नरफुलंच येतात, तेव्हा घाबरू नये. जास्तीच्या फुलांची भजी फार छान होतात.

भोपळ्याचे परागकण मोठे, चिकट आणि काटेरी असतात, ते वाऱ्यावर उडत नाहीत. मधमाशी किंवा भुंगाच लागतो. त्यात फूल एकाच सकाळचं. पहाटे उमलतं आणि सोलापूरच्या उन्हात नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं. तेवढ्यात कोणी फिरकलं नाही, तर संपलं.

मग मीच माशी झालो. सकाळी साडेसहाला ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या. मधला दांडा बोटाला लावला की पिवळी पूड चिकटते. तो दांडा मादीफुलातल्या जाड, दुभंगलेल्या तिन्ही गाठींवर हलकेच फिरवायचा. तिन्हींवर, कारण प्रत्येक बी धरायला स्वतंत्र परागकण लागतो. वाढणाऱ्या बियांमधल्या संप्रेरकांमुळे फळ फुगतं. एका बाजूला बी कमी धरलं, तर फळ त्या बाजूला खुरटतं. बाजारात दिसणाऱ्या वाकड्या भोपळ्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

उन्हाळ्याचाही वाटा आहे. दिवस मोठा आणि तापलेला असला की नरफुलं वाढतात, मादीकळ्या कमी येतात आणि आल्या तरी गळतात. इथं एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या पुढं जातो, म्हणून बी जानेवारीतच टोचावं, नाहीतर जून-जुलैत. युरियाचा हात आखडता ठेवावा, नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. दुपारी पानं मान टाकतात, त्यावरून पाणी घालू नये. संध्याकाळी ती सावरली तर मुळाशी ओल आहे. आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात.

दोन-तीन भोपळे धरले की पुढची फळं वेल स्वतःच गाळतो. साखर पुरवायची कुवत तेवढीच. फळ मऊ पडून आत अळ्या निघाल्या, तर ती फळमाशी. असं फळ लगेच तोडून खोल पुरावं. फवारणी करायचीच असेल तर संध्याकाळी, सकाळी मधमाश्या मरतात.

फळ धरल्यापासून साधारण दीड महिन्यानं देठ वाळतो, सालीत नख रुतत नाही. तेव्हा देठासकट कापायचा. सध्या वेलावर दोन भोपळे आहेत. त्यातल्या एकाचे घारगे करायचं काकूंनी आधीच ठरवलंय. कोणत्या, ते हनुवटीनं दाखवलं.