केंद्रकी जमते कशी? मक्यापासून कृमीपर्यंत

येत्या रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी वाचक मंडळात पेशीच्या केंद्रकावर गप्पा व्हायच्या आहेत. विषय सुचवला तो विज्ञान शाखेत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने. बाकीचे आम्ही बहुतेक बँकेतून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेले बडोदेकर, तेव्हा आधी थोडी पूर्वपीठिका हाताशी असलेली बरी.

शाळेच्या पुस्तकात केंद्रकाच्या आत एक गोल ठिपका काढलेला असतो, ती केंद्रकी. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमांची जुळणी तिथे सुरू होते. केंद्रकाला दुहेरी आवरण असते, केंद्रकीला कसलेच नसते. तरीही ती गोल राहते, पेशी विभागायला लागली की नाहीशी होते आणि दोन्ही नव्या पेशींत पुन्हा दिसू लागते. भोवती भिंत नसताना हा ऐवज एका जागी गोळा होतो कसा, हा प्रश्न फार जुना आहे.

इटलीच्या फेलिचे फोंताना यांनी १७८१ मध्ये ईल माशाच्या कातडीवरल्या बुळबुळीत द्रवात एक अंडाकृती कण आणि त्याच्या आत ठिपका पाहिला. पुढे १८३५ मध्ये रुडोल्फ वॅग्नर यांना तो अंडपेशीत स्पष्ट दिसला. त्यानंतरचे शतक मुख्यतः वर्णनातच गेले. अपवाद अमेरिकन पेशीशास्त्रज्ञ ई. बी. विल्सन यांचा: पेशीतला द्रव म्हणजे वेगवेगळ्या रासायनिक घडणीच्या थेंबांचे मिश्रण असावे, असे त्यांनी १८९९ मध्ये मांडले. तेव्हा हे तपासायला साधनेच नव्हती आणि कल्पना मागे पडली.

खरी कलाटणी मक्याने दिली. एमिल हाइट्झ यांनी १९३१ मध्ये दाखवले होते की केंद्रकी गुणसूत्राच्या ठरावीक जागीच उगवते. १९३४ मध्ये बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावर ती जागा पक्की केली. ही जागा दुभंगून तिचा एक तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडला गेला असेल, तर दोन्ही तुकड्यांवर केंद्रकी तयार होते, हे त्यांनी पाहिले. पण त्याच कामात आणखी एक निरीक्षण आहे आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचे. ज्या पेशींत ही जागा मुळातच नव्हती, तिथे केंद्रकीचा ऐवज नाहीसा झाला नाही. तो केंद्रकभर बारीक बारीक थेंबांच्या रूपाने विखुरला. म्हणजे जमणे हा त्या ऐवजाचा स्वतःचा गुण, आणि गुणसूत्रावरची जागा फक्त त्याला शिस्त लावणारी. मॅक्लिंटॉक यांचा स्वतःचा रोखही साधारण असाच होता.

पुढच्या पिढीने शिस्त लावणाऱ्या जागेचा पाठपुरावा केला, थेंबांचा नाही. त्यात चूक काही नव्हती, कारण त्या वाटेने भरपूर हाती लागले. ऑक्सफर्डमध्ये १९५८ च्या सुमारास केंद्रकी नसलेले बेडकाचे वाण सापडले. डोनाल्ड ब्राऊन आणि जॉन गर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवले की असे भ्रूण रायबोसोमचा आरएनए (जनुकावरून उतरणारी नक्कल, जी रायबोसोमचा मुख्य भाग होते) बनवूच शकत नाहीत. आईने अंड्यात भरून दिलेल्या शिध्यावर काही दिवस काढतात आणि बेडूकमाशाच्या अवस्थेत मरतात. वर्षभरात फळमाशीवरच्या कामाने कळले की ती जागा म्हणजे याच आरएनएची जनुके. कोडे सुटले असे वाटले. गंमत म्हणजे या बेडकांच्या केंद्रकातही बारीक गोळे दिसले होते, पण त्यांच्याकडे कोण लक्ष देतो!

इथे कृमी येतो. सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये केंब्रिजच्या आपल्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहून एखादा साधा बहुपेशीय प्राणी हाताशी हवा असे सुचवले आणि पुढे सीनोरॅब्डायटिस एलेगन्स निवडला: जेमतेम १ मिलिमीटर लांब, काचेसारखा पारदर्शक, जीवाणू खाऊन तीन-चार दिवसांत पुढची पिढी देणारा. प्रौढ उभयलिंगी प्राण्यात (बहुतेक कृमी तसेच असतात) प्रजननपेशी सोडून शरीराच्या पेशी बरोबर ९५९. अंड्यापासूनची प्रत्येक पेशी कुठून आली याची वंशावळ जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ पर्यंत पूर्ण केली. (त्याला साधारण २० अंश तापमान मानवते; आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात त्याला थंड पेटीतच ठेवावे लागेल.) मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये याच कृमीत हिरवे चमकणारे प्रथिन वापरून दाखवले. तेव्हापासून हवे ते प्रथिन जिवंत भ्रूणात चमकवून त्याचा माग काढणे शक्य झाले.

मग विल्सन यांचे थेंब परतले. ड्रेस्डेनमध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की कृमीच्या भ्रूणात पी-कण नावाचे जे कण आहेत ते घट्ट नसून द्रव आहेत. ते वाहतात, ओघळतात आणि एकमेकांना भिडले की आमटीवरच्या तेलाच्या थेंबांसारखे एक होतात. बेडकाच्या अंडपेशीतल्या केंद्रक्याही तशाच वागतात, हे दोनच वर्षांनी कळले.

कृमीच्या केंद्रक्यांवरचे निर्णायक काम २०१५ चे, ब्रँगविन यांच्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतले. भ्रूण आठ पेशींचे होते त्या सुमारास प्रत्येक केंद्रकात पाहिले, तर पहिल्या गुणसूत्राच्या दोन प्रतींवर दोन मोठ्या केंद्रक्या, आणि त्यांच्याखेरीज कुठल्याही जागेशी न बांधलेले डझनावारी छोटे थेंब. जनुकांवरून रायबोसोमचा आरएनए उतरवून घेणे थांबवले तरी हे छोटे थेंब जमतच राहिले. ते वाढतात कसे, याचे मोजमाप पदार्थविज्ञानातल्या जुन्या नियमांशी जुळले: मुख्यतः भटकत एकमेकांना भिडून, आणि थोडेफार लहानांतला ऐवज मोठ्यांकडे जाऊन. मक्यात दिसलेल्या थेंबांना अखेर गणित मिळाले.

त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मला अधिक पटतो. आई अंड्यात ऐवज ठरावीकच भरते आणि कवचाच्या आत भ्रूण मुळीच वाढत नाही, फक्त विभागत जाते. स्टेफनी वेबर आणि ब्रँगविन यांनी काही जनुके दाबून लहान-मोठी अंडी मिळवली. सर्वसाधारण अपेक्षा अशी की लहान अंड्यात केंद्रकीही लहान असेल. झाले उलटे: त्याच अवस्थेतल्या लहान भ्रूणात केंद्रकी मोठी. ऐवज तेवढाच आणि जागा कमी म्हणून द्रावण दाट, आणि जादा ऐवज थेंबात उतरतो. भ्रूण मोठे असेल तर द्रावण पातळ, केंद्रकी लहान. एका मर्यादेखाली ती जमतच नाही. ‘पेशीत दिसेल तो थेंब द्रवच’ म्हणण्याची हल्ली जरा साथच आली आहे आणि २०१९ पासून तिच्यावर रास्त टीकाही होते आहे. एखादा गोल ठिपका पाहून काढलेल्या निष्कर्षापेक्षा आधी वर्तवून मग मोजलेल्या अशा उलट्या निकालाचे वजन जास्त.

मग जनुकांची ती जागा करते काय? याचे उत्तर २०१६ मध्ये फळमाशीच्या भ्रूणांतून आले. ही जनुके अजिबात नसलेल्या भ्रूणांतही केंद्रकीची प्रथिने थेंब करतात, पण कुठे आणि केव्हा याचा काही नेम नसतो. जनुके जागेवर असतील तर थेंब दर खेपेला त्याच ठिकाणी, ठरल्या वेळी उतरतो.